इलेक्ट्रॉन धावत नाही

तालुक्याच्या गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात मी बारावीला भौतिकशास्त्र शिकवत असे, तेव्हा अणूच्या प्रकरणात एक आकृती हमखास काढावी लागे. मधोमध ठिपका, म्हणजे केंद्रक. त्याभोवती वर्तुळ, आणि त्या वर्तुळाला धरून वरखाली जाणारी नागमोडी रेघ. तिच्याखाली एक ओळ: कक्षेच्या परिघात तरंगलांबी पूर्ण पटीतच बसली पाहिजे. मुलं आकृती काढायची, ओळ लिहायची, गुण मिळायचे. मलाही माझ्या सरांनी हे असंच शिकवलं होतं आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्याकडे खडू होता आणि फळा होता. तेवढ्यावर त्यांनी पिठाच्या गिरणीवाल्याच्या मुलाला एम. एस्सी.पर्यंत पोहोचवलं. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवी घेतली नव्हती.

त्या आकृतीत इलेक्ट्रॉन त्या नागमोडी रेघेवरून केंद्रकाभोवती फिरतो, असं बघणाऱ्याला वाटतं. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. एम. एस्सी.ला मी अणूचं समीकरण सोडवलं, त्यात कुठे वाट नव्हती आणि धावणंही नव्हतं. पण समीकरण पेपरात आणि आकृती फळ्यावर, अशी दोन्हींची सोय वेगवेगळी होती. वर्गात कधी कोणी विचारलं नाही. आमच्याकडे सरांना विचारायचं ते एवढंच, की हे परीक्षेला येणार का.

मग बायकोला अ‍ॅमस्टरडॅममध्ये नोकरी मिळाली. तिचं ऑफिस शहराच्या पश्चिमेला स्लोटरडाइकला, घर दुसऱ्या टोकाला झुइडओस्टला. तिच्या राहण्याच्या परवान्यावर मी आणि मुलगी आलो. पहिली दोन वर्षं मी सकाळी डच भाषेच्या वर्गाला जायचो आणि दुपारी एका गोदामात पार्सलं वेगळी करायचो. कामाबद्दल तक्रार नव्हती. लोक वेळेवर यायचे, वेळेवर जायचे, माझ्याशी नीट बोलायचे. पण कोणी 'तुम्ही काय करता' असं विचारलं की मी 'शिक्षक आहे' म्हणायचो, आणि बायको माझ्याकडे बघायची.

इथे भौतिकशास्त्राचे शिक्षक मिळत नाहीत हे मला भाषेच्या वर्गात कळलं. एक सोय अशी होती की शाळेने पसंत केलं तर नोकरी आणि शिक्षकाचं प्रशिक्षण एकाच वेळी सुरू करता येतं. त्यासाठी आधी एक तास शिकवून दाखवायचा. मी बऱ्याच शाळांना लिहिलं. मेट्रोने जवळ पडणाऱ्या एका शाळेने बोलावलं. वर्ग आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या वयाचा, विद्यापीठात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांचा. विषय त्यांनीच ठरवून दिला होता: अणूतला इलेक्ट्रॉन तरंगासारखा कसा वागतो.

दुसरा रस्ताही तयार होता. बायकोच्या ऑफिसातल्या एकाने सॉफ्टवेअर टेस्टिंगच्या कोर्सची माहिती दिली होती. कोर्सनंतर नोकरी जवळजवळ नक्की. मी त्या लोकांकडून महिनाभराची मुदत मागून घेतली होती. तिकडे गेलो की मी पुन्हा वर्गात उभा राहणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तसं आम्ही कधी बोललो नाही.

शाळेतल्या ज्येष्ठ भौतिकशास्त्र शिक्षिका माझा तास बघणार होत्या. निर्णयही त्यांचाच. साठीच्या आसपासच्या, उंच, आखूड पांढरे केस, गळ्यात प्रयोगशाळेच्या किल्ल्या. तासाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला साहित्य बघायला बोलावलं.

"मला नावाने हाक मार," हात पुढे करत त्या म्हणाल्या.

मला ते जमेना. आईच्या वयाच्या शिक्षिकेला नुसत्या नावाने कसं बोलवायचं? "मेव्राऊ म्हटलं तर चालेल का?" मी विचारलं. मेव्राऊ म्हणजे बाई.

"मेव्राऊ मला मुलं म्हणतात."

"मग मीही म्हणतो."

"तू मूल आहेस का?" असं म्हणून त्या हसल्या आणि पुढे चालू लागल्या.

प्रयोगशाळेमागच्या खोलीत त्यांनी एका खोक्यातून लहान स्पीकरसारखा दिसणारा काळा डबा काढला. त्याच्या मधून एक छोटी दांडी वर आली होती. तिला त्यांनी पातळ पोलादी तारेचं कडं बसवलं, बांगडीसारखं, पण ताटाएवढं मोठं. वीज चालू केली आणि एक बटण हळूहळू फिरवायला सुरुवात केली. दांडी थरथरायला लागली, तिच्याबरोबर कडं. आधी ते नुसतंच धूसर झालं, त्याला काही आकार नव्हता. बटण थोडं पुढे गेलं आणि एका जागी अचानक कड्याला पाकळ्या फुटल्या. ठरावीक जागी तार अजिबात हलत नव्हती आणि मधल्या भागांत जोरात हलत होती. बटण अजून पुढे गेलं, पाकळ्या मोडल्या, पुन्हा धूसर. आणखी पुढे, आणि पुन्हा पाकळ्या, या वेळी जास्त आणि लहान.

आमच्या गिरणीत मोटर सुरू झाली की पट्टा वेग घेताना मधेच एका वेगाला छपराचा पत्रा खणखणायचा आणि वेग वाढला की गप्प बसायचा. वडील 'पत्रा बोलला' म्हणायचे. त्याच्या अलीकडे नाही, पलीकडे नाही, त्याच वेगाला. तो आवाज मी लहानपणी रोज ऐकला होता आणि पुढे फळ्यावर ती नागमोडी रेघही शेकडो वेळा काढली होती. या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे हे त्या खोलीत उभं असताना पहिल्यांदा दिसलं.

"हे मी पहिल्यांदाच बघतोय," मी म्हणालो.

"पण तू हे शिकवलंयस ना?"

"हो. बरीच वर्षं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या काहीतरी बोलतील असं वाटलं, पण त्या एवढंच म्हणाल्या, "पुन्हा बघायचंय?"

पुन्हा बघितलं. मग मी स्वतः बटण फिरवून बघितलं. मी इतक्या वेळा आभार मानले की शेवटी त्यांनी हात वर केला. "मी काही केलेलं नाही. तार हलली." निघताना म्हणाल्या, "तासाला मी मागच्या बाकावर बसेन. मधे एखादा प्रश्न विचारेन. सगळ्या उमेदवारांना विचारते."

घरी मी तालीम केली. दिवाणखान्यात टीव्हीच्या बाजूला उभा राहून डचमध्ये बोलायचो. समोर सोफ्यावर मुलगी आणि बायको. मुलगी दहा वर्षांची, मराठी सगळं समजतं, उत्तर डचमध्ये देते.

"बाबा, तू फार ओरडतोस," ती म्हणाली. "आमच्या शाळेत एवढं फक्त खेळाचे सर ओरडतात, तेही मैदानावर."

"शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायला हवं."

"शेवटचा बाक इथेच आहे," फ्रिजजवळच्या खुर्चीकडे बोट दाखवून बायको म्हणाली. मी आवाज कमी केला.

पहिल्यांदा मी जुना भाग सांगितला. पूर्वी लोकांना वाटायचं की ग्रह जसे सूर्याभोवती फिरतात तसा इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतो. पण विद्युतभार असलेली वस्तू अशी गोल फिरत राहिली तर तिची ऊर्जा बाहेर पडत जाते आणि ती आत आत जाऊन केंद्रकावर आदळायला हवी. तसं घडत असतं तर अणू टिकलेच नसते, सोफाही नसता. यानंतर मी म्हणालो, "इलेक्ट्रॉनला तरंगाचे गुणधर्म असल्यामुळे कक्षेच्या परिघात तरंगलांबी पूर्ण पटीतच बसते."

"थांब," बायको मराठीत म्हणाली. तिचा विषय कॉम्प्युटर, पण तिला प्रश्न विचारता येतात. "हे तू पाठ म्हणतोयस."

"पाठ नाही, तेच बरोबर आहे."

"बरोबर असेल रे. पण तो आत का पडत नाही, ते कुठे सांगितलंस?"

मी जरा विचार केला. "पडायला आधी तो एखाद्या ठिकाणी असावा लागतो," मी म्हणालो. "तो तसा एका ठिकाणी नाहीच. तो तारेच्या कड्यासारखा आहे. लाट कड्याला वळसा घालून परत आली की स्वतःलाच जुळायला हवी. जुळली तर पाकळ्या दिसतात. नाही जुळली तर लाट स्वतःलाच मारते, काही उरत नाही. म्हणून ठरावीक पाकळ्याच शक्य. आणि सगळ्यात कमी पाकळ्यांचा जो तरंग, त्याच्या खाली दुसरा बसतच नाही. खाली जागा नाही म्हणून तो पडत नाही."

"मग तो फिरतो कुठून?"

"कुठूनच फिरत नाही. जागच्या जागी असतो. पाकळ्या कुठे धावतात का?"

"हे असं सांग," बायको म्हणाली. "मघाचं नको."

मुलीने आईला डचमध्ये विचारलं, की आता टीव्ही लावू का.

तासाच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मेट्रोत तीन स्टेशनं आधीच मनात उजळणी सुरू केली. वर्गात मुलं बसून होती. मी आत गेलो तर कोणी उठलं नाही, इथे उठत नाहीत ते मला माहीत होतं. एक मुलगा सफरचंद खात होता. त्याचं काय करायचं ते माहीत नव्हतं, मी काही केलं नाही. मेव्राऊ मागच्या बाकावर येऊन बसल्या तेव्हा मात्र मी बोलायचं थांबवलं आणि त्या स्थिरस्थावर होईपर्यंत उभा राहिलो. मुलांनी वळून पाहिलं, काय झालं म्हणून. काहीच झालं नव्हतं.

तास चांगला चालला. मी हे आज अंतर ठेवूनही म्हणू शकतो. माझं डच अडखळत होतं, पण घरी जे सांगितलं तेच सांगितलं. सोफ्याऐवजी बाक म्हटलं. कडं चालू केलं तेव्हा सफरचंदवाला मुलगा पुढे येऊन उभा राहिला आणि त्याने विचारलं की बटण मी फिरवू का. मी हो म्हणालो. तो फिरवत राहिला आणि बाकीचे 'आत्ता! आत्ता! गेलं!' असं ओरडत राहिले. खिडकीजवळ एक मुलगी होती, केस वर बांधलेली, हाताची घडी घालून बसलेली. तिने विचारलं, "अर्ध्या पाकळीवर का थांबत नाही?" मी म्हणालो, "अर्धी पाकळी परत आली की पहिल्या पाकळीशी भांडते." ती मान हलवून पुन्हा खिडकीकडे बघायला लागली. मग मी फळ्यावर माझी जुनी आकृती काढली, ठिपका, वर्तुळ, नागमोडी रेघ. आणि डचमध्ये, तयार करून आणलेलं वाक्य म्हणालो: "ही इलेक्ट्रॉनची वाट नाही. हा तरंगाचा आकार आहे."

तेव्हा मागून मेव्राऊंचा हात वर आला.

"मला नीट समजलं का बघा," त्या म्हणाल्या. "इलेक्ट्रॉन या नागमोडी रेघेवरून वरखाली होत केंद्रकाभोवती धावतो, एवढंच ना?"

वर्ग माझ्याकडे बघत होता. मला उत्तर माहीत होतं. अर्ध्या मिनिटापूर्वी तेच मी बोललो होतो. पण वर्गाच्या मागे बसलेली, वयाने मोठी, जिच्या हातात माझी नोकरी अशी व्यक्ती काही बोलली, तर माझी जीभ एकच गोष्ट करते. विभागाचे प्रमुख तपासणीला यायचे तेव्हा, प्राचार्य यायचे तेव्हा, आणि शिक्षणाधिकाऱ्यांनी आमच्या प्रयोगशाळेत अमीटरला व्होल्टमीटर म्हटलं तेव्हाही तिने तेच केलं होतं.

"हो," मी म्हणालो. "अगदी बरोबर. मेव्राऊ म्हणतात तसंच."

मुलांनी फळ्यावरच्या आकृतीकडे बघितलं.

"पण मेनीर," खिडकीजवळची मुलगी म्हणाली. मेनीर म्हणजे सर. "तुम्ही आत्ताच म्हणालात, ही वाट नाही."

"हो, तेही बरोबर आहे."

"दोन्ही कसं बरोबर?"

"एका अर्थाने..." मी सुरू केलं. एका अर्थाने काय, ते मला डचमध्ये सांगता येत नव्हतं, आणि खरं म्हणजे मराठीतही आलं नसतं. मागे दोघं हसले. सफरचंदवाला मुलगा म्हणाला, "मेनीर, तुम्ही राजकारणात जा." मग सगळा वर्ग हसला. वाईटपणे नाही, पण हसला. मेव्राऊ हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काही लिहिलंही नाही. मी कडं पुन्हा चालू केलं आणि घंटा होईपर्यंत आम्ही पाकळ्या बघितल्या.

मुलं गेल्यावर त्यांनी दार लावलं आणि दोन कप कॉफी आणली.

"मी चुकीचं बोलत होते हे तुला माहीत होतं?"

"हो."

"मग 'हो' का म्हणालास?"

"तुम्ही मोठ्या आहात. मुलांसमोर तुम्हाला चूक कसं म्हणायचं?"

त्यांना वाटलं मी गंमत करतोय. त्या हसायला लागल्या, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबल्या. "मी मुद्दाम चुकीचं विचारते," त्या सावकाश म्हणाल्या. "दर वेळी. उमेदवाराला विषय येतो की नाही हे पाच मिनिटांत कळतं, तुला येतो. मला बघायचं असतं की मी चुकले तर मुलांनी कोणावर विश्वास ठेवायचा."

यात अन्याय काही नव्हता. त्यांची रीत आणि माझी रीत एकाच खोलीत एकाच वेळी आल्या होत्या आणि मला दोन्ही कळत होत्या.

"आजच्या तासावर मी हो म्हणू शकत नाही," त्या म्हणाल्या. "तुला आवडणार नाही, पण आडून सांगण्यापेक्षा बरं."

मी कॉफी संपवली. उठताना एकच गोष्ट डोक्यात होती, आणि ती नोकरीची नव्हती असं मी आज ठामपणे सांगू शकत नाही, पण मुख्यतः नव्हती. "मुलांच्या वहीत आता चुकीचं असेल," मी म्हणालो. "तुम्ही दुरुस्त कराल, ते ठीक आहे. पण चूक मी सांगितली. पुढच्या तासाला मला दहा मिनिटं मिळतील का? नोकरीसाठी नाही."

त्यांनी भिंतीवरचं वेळापत्रक बघितलं. "गुरुवारी. दहा मिनिटं."

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी तुझ्या आईसमोर बोलते तेव्हा तू जो चेहरा करतोस ना, तोच केला असशील." मी म्हणालो, बहुतेक तोच. "आणि आता गुरुवारी काय करणार? गोदामातून सुट्टी घेणार, फुकट दहा मिनिटांसाठी?"

"हो."

"कोर्सवाल्यांना काय सांगू?"

"शुक्रवारी सांगू."

गुरुवारी पाऊस होता. मेव्राऊ मागच्या बाकावर होत्या. मी फळ्याजवळ गेलो आणि आकृती काढायच्या आधी बोललो, नाहीतर राहून गेलं असतं. "मागच्या वेळी मेव्राऊंनी विचारलं की इलेक्ट्रॉन या रेघेवरून धावतो का. मी हो म्हणालो. ते चूक आहे. मेव्राऊ जे म्हणाल्या तेही चूक होतं. तुमच्या वहीत लिहिलं असेल तर खोडा."

मुलांनी एकमेकांकडे बघितलं.

"मी लिहिलंच नव्हतं, मेनीर," खिडकीजवळची मुलगी म्हणाली.

"मीही नाही," दुसरा.

कोणीच लिहिलं नव्हतं. शिक्षक बोलला ते वहीत गेलं, हा माझा हिशेब इथे लागू नव्हता. त्यांनी ते कानाने ऐकलं होतं, पटलं नव्हतं, आणि सोडून दिलं होतं. मी आठवडाभर ज्या वह्यांची काळजी केली त्या कोऱ्या होत्या. मला जरा बरं वाटलं आणि जरा विचित्रही. दहा मिनिटांचं काम एका मिनिटात संपलं होतं.

पण मुलीचा हात वर होता. "मेनीर, वाट नाही, समजलं. तारेत तार हलते. पाण्यात पाणी हलतं. अणूत काय हलतं?"

हा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. मी स्वतःही विचारला नव्हता. मी खडू खाली ठेवला. मी तिला सांगितलं की या तरंगावरून आपल्याला एक गोष्ट काढता येते: इलेक्ट्रॉन शोधायला गेलो तर तो कुठे सापडण्याची शक्यता जास्त आणि कुठे कमी. जिथे कड्यावर तार हलत नाही तसल्या जागी तो सापडत नाही. आणि खरा अणू काही कड्यासारखा सपाट नसतो, सगळ्या बाजूंनी पसरलेला असतो, त्यामुळे त्याच्या पाकळ्या फुग्यांसारख्या, डमरूसारख्या असतात. हे सगळं मोजून बघितलेलं आहे, उत्तरं जुळतात. "पण हलतं काय," मी म्हणालो, "तर तारेसारखी, पाण्यासारखी कुठली वस्तू दाखवता येत नाही. तो तरंग म्हणजे नक्की काय, याबद्दल जाणकारांचं अजून एकमत नाही. माझंही नक्की मत नाही."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

या वेळी कोणी हसलं नाही.

"परीक्षेत असं लिहू नका," मागून मेव्राऊ म्हणाल्या. "परीक्षेत शक्यता लिहा. सापडण्याची शक्यता, संपलं. त्याच्यापुढे काही विचारत नाहीत."

ही पुन्हा त्यांची तीच युक्ती आहे की त्या खरंच तसं म्हणतायत, हे मला कळलं नाही. कळलं असतं तरी काय केलं असतं ते सांगता येत नाही. मी मुलीकडे बघून बोललो, कारण त्यांच्याकडे बघून बोलता आलं नसतं.

"परीक्षेत शक्यता लिहायची, ते बरोबर आहे. पण हिने परीक्षेचं विचारलेलं नाही. हिने काय हलतं ते विचारलंय. त्याला 'संपलं' हे उत्तर नाही."

"ऊऽऽ," मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी मेव्राऊंकडे वळून बघितलं. मेव्राऊ म्हणाल्या, "ठीक आहे. मग पुढे बोल." पुढे मला फारसं काही माहीत नव्हतं, पण प्रश्न येत राहिले. मुलीने विचारलं, दोन इलेक्ट्रॉन असले तर दोन कडी का. सफरचंदवाल्याने विचारलं, आपण सगळेच तरंग आहोत का. आहोत, मी म्हणालो, पण तुझी तरंगलांबी इतकी लहान आहे की सफरचंद खाताना अडचण येत नाही. दहा मिनिटांच्या जागी तासाचा बराचसा भाग गेला.

मुलं गेल्यावर मेव्राऊंनी दार लावलं. या वेळी कॉफी नव्हती. त्यांनी कड्याची तार सोडवून खोक्यात ठेवली.

"मला तू पुढच्या वर्षी हवा आहेस," त्या म्हणाल्या. "पण हा वर्ग मी तुला देणार नाही. डच अजून सुधारायला हवं, आणि हे परीक्षेचं वर्ष. तुला खालचे वर्ग मिळतील. तेरा-चौदा वर्षांची मुलं."

"चालेल. आभारी आहे."

"तिथे अणू आहे अभ्यासक्रमात. मधे केंद्रक, भोवती वर्तुळं, वर्तुळांवर इलेक्ट्रॉनचे गोळे. पहिल्या वर्तुळावर दोन, दुसऱ्यावर आठ."

"पण ते चूक आहे," मी म्हणालो.

त्या खोकं बंद करत होत्या, त्यांचा हात थांबला.

"म्हणजे, त्या वयाला सगळं सांगता येणार नाही हे खरं," मी म्हणालो. "पण ते गोळे धावतात असं मी सांगणार नाही. मोजायला ही आकृती बरी, पण अपुरी आहे, असं सांगेन."

"त्यांच्या पुस्तकात धावतात असंच लिहिलंय. पुस्तकाच्या लेखकांत मी आहे."

मला वाटलं, गेलं. पण आता शब्द मागे घेणं शक्य नव्हतं, आणि खरं तर मला ते मागे घ्यायचेही नव्हते. "तरीसुद्धा," मी म्हणालो.

त्यांनी खोकं कपाटात ठेवलं, किल्ली फिरवली. "सोमवारी ऑफिसमध्ये ये. पदवीची प्रमाणपत्रं घेऊन. आणि पुस्तकातलं ते पान मला लिहून आण, तू कसं लिहिशील ते. पुढच्या आवृत्तीला बघते. घेईनच असं नाही."

संध्याकाळी बायको ऑफिसमधून आल्यावर मी तिला सांगितलं. ती सायकलचं कुलूप हातात घेऊन तशीच दारात उभी राहिली. "म्हणजे नोकरी मिळाली, आणि पहिल्याच दिवशी बॉसचं पुस्तक चूक काढलंस?"

"चूक नाही, अपुरं म्हणालो."

"'चूक' म्हणाला असशील."

"आधी चूक म्हणालो. मग अपुरं."

ती आत आली, कुलूप ठेवलं, आणि हात धुता धुता म्हणाली, "कोर्सवाल्यांना मी नाही कळवणार. तूच कळव." शुक्रवारी सकाळी मी त्यांना फोन केला. फोनवरच्या बाईंनी विचारलं, काही अडचण आली का. मी म्हणालो, अडचण नाही, मी शिक्षक आहे.